दोरी असूनही हॅट उडते? कड्यावर जायच्या आधी हे तपासून घ्या

गळ्यात दोरी आहे, स्टॉपर (दोरी आवळून धरणारी कळीची गोटी) वर ओढलाय, तरी वारा आला की हॅट जाते. ही तक्रार दर मोसमात माझ्याकडे येते. सोळा वर्षं सह्याद्रीत गट घेऊन फिरतोय आणि तेवढीच वर्षं पायथ्याच्या गावात चहा होईपर्यंत लोकांच्या हॅटच्या दोऱ्या दुरुस्त करतोय. बिघाड पाच-सहाच आहेत, फिरून फिरून तेच येतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

आधी लक्षण ओळखा

तुमची हॅट नेमकी कशी जाते, ते आठवा. दुरुस्ती त्यावर ठरते.

- हॅट मागे पडून पाठीवर लोंबते आणि दोरी गळ्याला काचते.
- स्टॉपर घट्ट केला तरी दहा मिनिटांत घसरून छातीपर्यंत येतो.
- पुढचा घेर उलटून कपाळावर उभा राहतो आणि मग हॅट उचलली जाते.
- दोरी एका बाजूने सुटते, हॅटचं भोक फाटलेलं असतं.
- चिमट्याची दोरी असेल तर चिमटा कॉलरला तसाच राहतो, कॅप मात्र गेलेली असते.
- वारा नसतानाही बूट बांधायला वाकलात की हॅट डोळ्यांवर येते.

शेवटचं लक्षण असेल तर दोरीला हातच लावू नका. तुमचा बिघाड दोरीत नाहीच.

वारा हॅटला नेमकं काय करतो

साधी सुती, रुंद घेराची हॅट शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. तिचा एकूण व्यास 36 सेंटीमीटर धरा. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात ती पूर्ण आडवी सापडली, तर तिच्यावर साधारण 600 ग्रॅम वजनाइतका जोर येतो. वारा दुप्पट, म्हणजे ताशी 72 किलोमीटर झाला, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे जवळजवळ अडीच किलो. घरात बोटाने ओढून ‘घट्ट आहे’ म्हणालेली दोरी गडावर का हरते, त्याचं उत्तर या हिशोबात आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. कोकणातून आलेला वारा सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर आपटतो आणि त्याला वर चढण्यावाचून मार्ग उरत नाही. पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचं पाणी उलटं वर फेकलं जातं ते याच वाऱ्याने. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर कडाच आत वळलेला, वाटीसारखा. तिथे हलकी वस्तू खाली टाकली तर वारा ती वर आणून देतो. असा खालून येणारा वारा हॅटच्या घेराखाली शिरतो. सपाटीवरचा वारा हॅटला मागे ढकलतो, कड्यावरचा वारा तिला झाकणासारखी वर उचलतो. त्यामुळे दोरी नुसती घट्ट असून भागत नाही, ती खालच्या बाजूला ओढून धरणारी हवी.

रायगडाच्या टकमक टोकावरची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. महाराजांवर छत्री धरणारा सेवक वाऱ्याने छत्रीसकट उडाला आणि खाली निजामपुरात सुखरूप उतरला, म्हणून त्या गावाचं नाव छत्री निजामपूर. गोष्ट खरी की खोटी याचा निवाडा मी करत नाही. पण ज्यांनी ती पहिल्यांदा सांगितली, त्यांना टकमकचा वारा चांगला ठाऊक होता.

पहिली तपासणी, फुकटची: हॅट डोक्याला बसते का?

दोरी मोकळी सोडा. हॅट घाला, पायाच्या अंगठ्यांकडे बघा आणि ‘नाही नाही’ म्हणताना हलवतो तशी मान जोरात हलवा. हॅट फिरली किंवा घसरली तर ती मोठी आहे. भुवयांच्या वर बोटभर अंतर सोडून शिंप्याची टेप डोक्याभोवती गुंडाळा आणि तो आकडा हॅटच्या आतल्या मापाशी ताडून पाहा. एका सेंटीमीटरच्या फरकानेही हॅट सैल बसते.

हे आधी बघायचं कारण सरळ आहे. हॅट डोक्यावर टिकते ती आतल्या पट्टीच्या पकडीने. दोरी म्हणजे राखीव गडी. पकडच नसेल तर सगळा भार दोरीवर येतो आणि मग तुम्ही ती इतकी आवळता की घास गिळताना त्रास होतो.

उपाय घरातच आहे. आतली घामाची पट्टी दुमडून तिच्यामागे जुन्या सुती बनियनची बोटभर रुंद घडी घाला. कपाळाच्या बाजूला घालू नका, मागच्या बाजूला घाला, नाहीतर घेर पुढून वर उचलला जातो. चार टाके घातले की झालं. ज्यांना शिवायचं नाही त्यांनी आत रुमाल बांधावा. सुती रुमाल घामाने ओला झाला की हॅटला आणखी चिकटून बसतो.

दुसरी तपासणी: पट्टीवरचं तेल

हॅट नवी होती तेव्हा घट्ट बसायची, आता सैल वाटते? कापड ताणलं गेलं असेलही, पण बहुतेक वेळा पट्टीवर केसांचं तेल, सनस्क्रीन आणि सुकलेला घाम यांचं पुट चढलेलं असतं. पट्टीवरून अंगठा फिरवून पाहा, मेणचटपणा लगेच कळतो. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून जुन्या टूथब्रशने फक्त पट्टी घासा आणि सावलीत वाळवा. एवढ्यानेच निम्म्या हॅट ताळ्यावर येतात. पिळू मात्र नका, घेरातली कडक पट्टी मोडते.

तिसरी तपासणी: दोरी कुठून निघते, कुठून जाते

यावर मी जरा थांबणार आहे. सगळ्यात जास्त हॅट इथेच हरतात आणि लोक मात्र स्टॉपरला दोष देत बसतात.

आरशासमोर हॅट घाला आणि दोरी हनुवटीखाली घट्ट करा. आता पुढचा घेर दोन बोटांनी खालून हळूच वर ढकला. हॅट मागे कलंडली ना? बहुतेक स्वस्त हॅटला दोन्ही कानांच्या वर एकेकच भोक असतं. दोरी त्या दोन टोकांवर धरलेली, म्हणजे हॅट बिजागरीवरच्या झाकणासारखी पुढे-मागे फिरायला मोकळी. समोरून वारा आला की घेर उचलला जातो, हॅट मागे लवंडते आणि दोरी गळ्याशी येते.

उपाय असा. दोरी हनुवटीखालून न्यायच्या ऐवजी डोक्याच्या मागून न्या. मानेच्या खळगीच्या वर कवटीचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या खाली दोरी बसली पाहिजे. स्टॉपर मागे घ्या आणि ओढा. हॅट एकदम खाली बसल्यासारखी वाटेल. साध्या वाऱ्याला, चालताना, चढताना एवढं पुरतं. गळा मोकळा राहतो, श्वासाला अडथळा नाही.

कडा, माची, खिंड अशा ठिकाणी मात्र चार टोकांचा आधार हवा. दोन कपाळाच्या बाजूला, दोन कानांच्या मागे. दोन्हीकडच्या दोऱ्या कानाखाली एकत्र येतात आणि तिथून एकच दोरी हनुवटीखाली जाते, हेल्मेटच्या पट्ट्यासारखी. यासाठी दोन नवी भोकं पाडावी लागतात. मी ती पुढच्या बाजूला, घुमट (डोक्यावर बसणारा भाग) आणि घेर जुळतात त्या शिवणीलगत पाडतो, कारण तिथे कापडाचे पदर जास्त असतात. भोक कात्रीने कापायचं नाही. दाभणाने धागे बाजूला सारून भोक करायचं आणि त्याच्याभोवती बटणाच्या काजासारखे टाके घालायचे. राजगडाच्या सुवेळा माचीवर नेढ्यात बसलात की कळेल. त्या आरपार भोकातून वारा असा रेटून येतो की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माझी चार टोकांची हॅट तिथेही जागची हलत नाही.

चौथी तपासणी, दहा-वीस रुपयांची: स्टॉपर

स्टॉपर हातात घ्या, कळ दाबा आणि सोडा. टचकन परत आली तर स्प्रिंग ठीक आहे. हळू आली, अर्ध्यात अडकली, तर आत धूळ साचलेली असते किंवा स्प्रिंग गंजलेली असते. पाण्यात बुडवून कळ वीस-पंचवीस वेळा दाबा, मग कोरडी करा. तरी मंदच राहिली तर फेकून द्या. तेल घालू नका. तेलाने कळ हलेल, पण दोरीही निसटेल.

स्प्रिंग चांगली आहे आणि तरी स्टॉपर घसरतो, तेव्हा दोरी बघा. दोन पदर मिळून स्टॉपरच्या भोकात दाटून बसले पाहिजेत. गुळगुळीत नायलॉनची बारीक दोरी असेल तर कुठलाही स्टॉपर ती धरणार नाही. लेस-बटणांच्या दुकानात, पुण्यात तुळशीबागेत किंवा मुंबईत भुलेश्वरला, विणलेली तीन मिलिमीटरची दोरी मीटरवर मिळते. स्टॉपर तिथेच तिच्यावर चढवून बघा आणि मगच घ्या. इलॅस्टिक घेऊ नका. इलॅस्टिक वाऱ्याबरोबर ताणलं जातं, हॅट दोन बोटं वर उठते, आणि तेवढ्या फटीतून वारा आत शिरला की पुढचं सगळं संपतं.

वाटेतच स्टॉपर गेला तर पायजम्याची सुती नाडी कामाला येते. एका टोकाने दुसऱ्याभोवती सरकती गाठ मारा, म्हणजे ओढली की बसेल आणि सरकवली की सैल होईल. हनुवटीखाली निरगाठ मात्र कधीही मारू नका. गाठ सुरगाठच हवी, एका हाताने, न बघता सुटणारी. दोरी आवळल्यावर तिच्याखाली दोन बोटं आडवी आरामात गेली पाहिजेत.

लहान मुलांच्या हॅटला गळ्याची दोरी नकोच. फांदीत, घसरगुंडीच्या कठड्यात अडकली तर हॅट सुटत नाही आणि मूल लटकतं. मुलांना मागून इलॅस्टिकने बसणारी टोपी द्या. ती उडाली तर उडू दे.

पाचवी तपासणी: चिमट्याची दोरी

कॅप वापरणारे बहुतेक जण ही घेतात. एक चिमटा कॅपच्या मागच्या पट्टीला, दुसरा शर्टाच्या कॉलरला, मध्ये दोरी. युरोप-अमेरिकेत फेल्ट हॅट सर्रास होत्या तेव्हा अशीच युक्ती होती. घुमटाभोवती बारीक दोरी आणि तिच्या टोकाला बटण. वारा सुटला की ते बटण कोटाच्या काजात अडकवायचं.

एक फरक नीट समजून घ्या. ही दोरी हॅटला उडण्यापासून रोखत नाही, हरवण्यापासून रोखते. कॅप उडणारच, पण तुमच्या पाठीवर लोंबत राहील. याचं मोल मला एका काकांमुळे कळलं. ते पुढे सांगतो.

बिघाड बहुतेक चिमट्याच्या दातांत असतो. प्लास्टिकचे दात झिजतात, पातळ टी-शर्टला तर धरतच नाहीत. चिमटा कापडाच्या एका पदरावर लावू नका, कॉलरच्या शिवणीवर लावा, जिथे चार पदर असतात. मग झटका देऊन ओढा. हळू ओढून काही कळत नाही, कारण वारा झटक्यानेच येतो. मी आयकार्डच्या पट्ट्याचे धातूचे चिमटे वापरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापून जबड्याच्या आत रबर सोल्युशनने चिकटवतो. त्याने कापड फाटत नाही आणि पकड दुप्पट वाटते. दोरी वीतभर आणि वर चार बोटं पुरे. जास्त लांब ठेवली तर सॅकच्या बंदात गुरफटते, आखूड ठेवली तर मान वळवली की कॅपच ओढली जाते. चिमटा मागच्या बाजूलाच लावा. पुढे लावलेली कॅप वाऱ्यात तोंडावर फडफडते आणि नेमकी पायाखालची वाट दिसत नाही.

सहावी तपासणी: फाटलेलं भोक

दोरीचं भोक लांबट झालं असेल, भोकाची धातूची कडी हलत असेल, तर नवी दोरी ओवून उपयोग नाही. पुढच्या सोसाट्यात कडीच निघून येईल. आतून जाड कापडाचं ठिगळ लावा, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. जुन्या जीन्सचं उत्तम. ठिगळाच्या कडेने उलटी टीप घाला, धावदोरा घालू नका. धावदोऱ्याचा एक टाका तुटला की सगळी ओळ उसवत जाते. दोरा आधी मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या, पावसात लवकर कुजत नाही. मग ठिगळातून नवं भोक.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

घुमट आणि घेर जिथे जुळतात ती शिवण बोटभरापेक्षा जास्त उसवली असेल, तर घरी खटपट करू नका. गोल शिवण हाताने सरळ येत नाही, घेराला मुरड पडते आणि मग तोच घेर वारा पकडतो. मशीनवाल्या शिंप्याकडे द्या. कातडी हॅटचं काम बॅगा शिवणाऱ्या मोच्याकडे, त्याच्या दाभणाची आणि दोऱ्याची सर आपल्या सुईला नाही. फेल्ट हॅट आणि भेंडाची जुनी सोला टोपी यांना स्वतः भोक पाडू नका. भेंड ठिसूळ असतं, तडा गेला की जुळत नाही.

हेल्मेटच्या बाबतीत तर तपासणीही करत बसू नका. दुचाकीचं असो की प्रस्तरारोहणाचं, हनुवटीचा पट्टा उसवला, कातरला गेला किंवा त्याचं बक्कल बसेनासं झालं, तर टाके घालायचे नाहीत. कंपनीचा सुटा पट्टा मिळत असेल तर तो त्यांच्याकडूनच बसवून घ्या, नाहीतर हेल्मेट बदला. हॅटची दोरी तुटली तर हॅट जाते. तो पट्टा तुटला तर डोकं उघडं पडतं. या दोन गोष्टींची दुरुस्ती एका सुईने होत नाही.

आणि वाराच असा असेल की उभं राहताना तोल सावरावा लागतोय, तर हॅट काढा, घडी करून सॅकमध्ये ठेवा आणि डोक्याला पंचा किंवा ओढणी बांधा. कळसूबाईच्या शिड्या चढताना तर मी सगळ्यांना हे आधीच करायला लावतो. शिडीवर दोन्ही हात शिडीलाच हवेत.

त्या काकांची गोष्ट

कोकणकड्यावर आम्ही काठापासून दहा-बारा फूट मागे उभे होतो. काठाशी जायचं ते पोटावर झोपूनच, हा आमचा नियम. गटातले एक निवृत्त काका, शिस्तीचे, नियम पाळणारे. खालून वारा आला आणि त्यांची हॅट उचलली गेली. काकांचा हात वर गेला आणि हाताबरोबर दोन पावलं पुढे गेली. ते कड्याकडे चाललेत हे त्यांना कळलंच नाही. त्यांना फक्त हॅट दिसत होती. मी मागून सॅकचा पट्टा धरला आणि ओरडलो, “काका, खाली बसा!” ते बसले. हॅट वर गेली, गिरकी घेऊन आमच्याच डोक्यांवरून मागे कारवीत जाऊन पडली. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी चाललो होतो की रे.”

संध्याकाळी गुहेत मी ती हॅट उजेडाला धरून पाहिली. दोरी चांगली, भोकं शाबूत. स्टॉपरची कळ दाबली, ती आतच राहिली. स्प्रिंग गंजून मेली होती.

तेव्हापासून कड्यावर जायच्या आधी मी दोन गोष्टी करतो. प्रत्येकाला स्टॉपरची कळ दाबून दाखवायला सांगतो आणि ज्याच्याकडे चिमट्याची दोरी नाही त्याला माझ्या डब्यातली देतो. पाठीवर लोंबणाऱ्या हॅटसाठी कुणी हात पुढे करत नाही.

हॅट काठापलीकडे गेली तर ती गेली. खालच्या कपारीत दिसत असली तरी गेली. काठी, दोर, ‘मी पटकन उतरून आणतो’ यातलं काही नको. आणि हॅटच्या मागे माणूसच घसरला असेल तर आपण उतरायचं नाही. 112 ला फोन करायचा, गावातल्या वाटाड्याला कळवायचं, बचाव पथकाची वाट बघायची आणि बाकीच्यांना काठापासून लांब बसवून ठेवायचं.

माझ्या डब्यात काय असतं, असं बरेच जण विचारतात. गोल पत्र्याचा जुना डबा आहे. त्यात दाभण, दोन जाड सुया, मेण लावलेला दोरा, तीन मिलिमीटरची चार मीटर दोरी, सहा स्टॉपर, आठ चिमटे, जीन्सची ठिगळं आणि एक सुती नाडी. सगळं मिळून पाव किलोही भरत नाही. स्टॉपर दर पावसाळ्यानंतर नवे भरतो.